एका द्राक्ष हंगामानंतर: चालू खातं कोणत्या बँकेत ठेवावं

तासगावात माझं कृषी सेवा केंद्र आहे. गिऱ्हाईक जवळजवळ सगळं द्राक्ष बागायतदार. चालू खातं बरीच वर्षं एका नागरी सहकारी बँकेत होतं. मागच्या फळछाटणीच्या आधी एक खासगी बँकेत आणि एक सरकारी बँकेत अशी आणखी दोन खाती उघडली आणि अख्खा हंगाम तिन्ही चालवली. आता द्राक्ष निघाल्यावरच्या खरड छाटण्या उरकल्या, वसुली बरीचशी झाली आणि तिन्ही खात्यांचे उतारे समोर आहेत. बँकांची नावं मुद्दाम देत नाही. एकाच बँकेच्या तासगाव आणि विटा शाखांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि शुल्काचे दरही बदलत राहतात.

नवीन दुकानदार विचारतात, "कुठली बँक चांगली?" माझं म्हणणं, आधी आपल्या दुकानात वर्षभर पैसा कधी आणि कोणत्या रूपात येतो ते कागदावर मांडा. आमच्याकडे ऑक्टोबर ते जानेवारी औषधं आणि खतं उधारीवर जातात. डाउनी, भुरी या रोगांची औषधं, टॉनिक, सगळं उधारीच्या वहीत. डिस्ट्रिब्युटरला मात्र आपण वेळेवर द्यावं लागतं. मग फेब्रुवारी ते एप्रिल द्राक्षाचे पैसे होतात, नंतर बेदाण्याचे सौदे, आणि वसुली एकदम अंगावर येते. जुलै-ऑगस्टला खातं कोरडं. किराणा दुकानाचा गल्ला रोज भरतो, त्याला सोयीचं खातं आम्हाला सोयीचं असेलच असं नाही.

याचा पहिला फटका किमान शिल्लकीत बसतो. बचत खात्यांवरची ही अट हल्ली बऱ्याच बँकांनी काढली, म्हणून लोकांना वाटतं चालू खात्यालाही नसेल. असते. आणि ती सरासरी असते, म्हणजे रोज रात्रीची शिल्लक बेरीज करून दिवसांनी भागायची. तीस दिवसांच्या महिन्यात शेवटच्या एकाच दिवशी खात्यात तीन लाख आले तरी सरासरीत त्याचे दहाच हजार धरले जातात. काही बँका महिन्याची सरासरी काढतात, काही तिमाहीची. जुलै-सप्टेंबरची तिमाही आमची सगळ्यात वाईट. खासगी बँकेने मोठ्या सवलतींचं वरचं खातं गळ्यात मारलं. त्या खात्याच्या शिल्लकीत हंगामात काही अडचण आली नाही, पण पावसाळ्यात ते मला झेपणार नाही.

आता रोखीचं. यावर मी सगळ्यात जास्त बोलणार, कारण खरा खर्च इथेच आहे आणि खातं उघडताना हे कुणी नीट सांगत नाही. प्रत्येक चालू खात्याला महिन्याला अमुक इतका रोख भरणा मोफत असतो, त्यापुढे हजारामागे काही रुपये. समजा पाच लाख मोफत आणि पुढे हजाराला चार रुपये असा दर आहे. फेब्रुवारीत तुम्ही पंधरा लाख भरलेत तर दहा लाखांवर चार हजार, वर 18 टक्के जीएसटीचे 720, एकूण 4,720 रुपये गेले. भरणा आपल्याच शाखेत केला की दुसऱ्या, काउंटरवर की मशीनमध्ये, यावरही मर्यादा बदलते. काही बँकांत मोफत भरणा आदल्या महिन्याच्या सरासरी शिल्लकीच्या पटीत मिळतो. हे हंगामी धंद्याला फार वाईट, कारण जानेवारीत शिल्लक तळाला असते आणि फेब्रुवारीत भरणा करायचा असतो. सरकारी बँकेत मला ठरलेल्या रकमेचा प्रकार मिळाला आणि तिथे एकूण खर्च सगळ्यात कमी आला.

भरणा मशीनचं कौतुक ऐकून जाऊ नका. बागेवरून थेट आलेला शेतकरी खिशातून काढतो त्या नोटा घामाने मऊ झालेल्या, चार घड्या पडलेल्या, कडेला फाटलेल्या असतात. मशीन त्या परत फेकतं. दहा-वीसच्या नोटा बहुतेक मशीन घेत नाहीत. एका वेळी ठरावीकच नोटा जातात, मागे रांग लागलेली असते. सहकारी बँकेतला कॅशियर हीच रक्कम चहा थंड व्हायच्या आत मोजून शिक्का मारतो. या एका गोष्टीत ती जुनी बँक आजही दोघांपेक्षा सरस आहे, हे मी मनापासून सांगतो.

रोखीबद्दल आणखी दोन गोष्टी. एका माणसाकडून एका दिवसात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, घेतलेल्या रकमेइतका दंड होऊ शकतो. वर्षाची उधारी एकदम फेडायला आलेल्याला चेक किंवा आरटीजीएस करायला सांगायचं, वाईटपणा आला तरी. आणि चालू खात्यात वर्षात 50 लाखांच्या वर रोख गेली की बँक आयकर खात्याला कळवते. बचत खात्यात ही मर्यादा 10 लाखच आहे. दुकान बचत खात्यावर चालवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

यूपीआयमध्ये खासगी बँक खूप पुढे आहे. क्यूआरचे पैसे त्याच दिवशी जमा, साउंडबॉक्स बिनघोर, अ‍ॅपवर उतारा एक्सेलमध्ये मिळतो आणि आमचे सीए खूश. यूपीआयच्या साध्या व्यवहारावर दुकानदाराला शुल्क नाही, हा नियम जानेवारी 2020 पासून आहे. रुपे क्रेडिट कार्डावरून आलेल्या पैशांवर मात्र लागू शकतं. क्यूआर बँकेचा असेल तर बँक बदलली की तोही बदलावा लागतो, हे आधी विचारून घ्या.

पण याच खात्यावर जानेवारीत एक प्रकार घडला. एका अनोळखी माणसाने क्यूआरवर सहाशे-सातशे रुपये भरून बुरशीनाशक नेलं. पुढच्या महिन्यात डिस्ट्रिब्युटरला पैसे पाठवायला गेलो तर पैसे जाईनात. शाखेत कळलं, ते पैसे परराज्यातल्या कुणाची तरी फसवणूक करून आलेले होते, तक्रार 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर नोंदली गेली होती आणि पोलिसांकडून आलेल्या सूचनेवर बँकेने अख्ख्या खात्यातून पैसे काढणं बंद केलं होतं. ऐन वसुलीत. बँकेने आपला माणूस म्हणून ज्याचा नंबर दिला होता तो फोन उचलेना. शेवटी बँकेच्या संकेतस्थळावरून नोडल अधिकाऱ्याचा, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याचा, पत्ता काढून त्याला तक्रार क्रमांक, बिलाची प्रत आणि दुकानाचा परवाना पाठवला. तीच कागदपत्रं तपास अधिकाऱ्यालाही मेल केली. बुरशीनाशकाच्या बिलावर बॅच नंबर असतो, माल खरोखर विकल्याचा तो चांगला पुरावा ठरला. आठवड्याभराने खातं मोकळं झालं, तेवढी सहाशे-सातशेची रक्कम अडकून राहिली. पोलिसांची सूचना आल्यावर बँकेला ऐकावंच लागतं, हे मान्य. पण वादातल्या रकमेपुरतीच अडवणूक पहिल्याच दिवशी करता आली असती. त्या आठवड्यात डिस्ट्रिब्युटरचे पैसे सरकारी बँकेतून गेले म्हणून नाव राखलं. तेव्हापासून क्यूआरच्या खात्यात मी मोठी रक्कम रात्रभर ठेवत नाही, संध्याकाळी दुसऱ्या खात्यात वळती करतो. बँकेने 30 दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत. मला तिथपर्यंत जावं लागलं नाही.

मग जुनी सहकारी बँक एवढी सोयीची असताना सगळं तिथेच का नाही? 23 सप्टेंबर 2019 ला पीएमसी या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त हजार रुपये काढता येत होते. पुण्याच्या रुपी बँकेचा परवाना 2022 मध्ये गेला. फेब्रुवारी 2025 मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्हवर निर्बंध आले. अशा वेळी बचत खातेदाराचा घरखर्च अडतो, आपल्यासारख्याचे तर दिलेले चेक परत जातात. बँक बुडाली तर मिळणारा ठेव विमा 4 फेब्रुवारी 2020 पासून एका बँकेत एका माणसाला पाच लाखांचा आहे. त्यात चालू खातंही धरतात. पण एकट्याच्या मालकीचं दुकान (प्रोप्रायटरशिप) असेल तर दुकानाचं चालू खातं आणि मालकाचं स्वतःचं बचत खातं, ठेवी, सगळं एकत्र मोजून पाच लाख. भागीदारी फर्मचं वेगळं मोजतात. पतसंस्थेला हा विमा नाहीच. म्हणून सहकारी बँकेत मी भरणा करतो, पण शिल्लक, घरच्या ठेवी धरून, पाच लाखांच्या आत ठेवतो.

चेकचा अनुभव या वर्षी एकदम बदलला. आमच्या शेतकऱ्यांची खाती बहुतेक जिल्हा बँकेत, त्यामुळे चेक बरेच येतात. 4 ऑक्टोबर 2025 पासून सकाळी दहा ते चारमध्ये लावलेल्या चेकचा निकाल त्याच संध्याकाळी लागायला हवा, अशी व्यवस्था आली. सुरुवातीला सगळीकडेच गोंधळ झाला, पण हंगामात तिन्ही बँकांत चेक झटपट वटले. बाउन्स झालेलाही लगेच कळतो, हे जास्त महत्त्वाचं.

एनईएफटी ऑनलाइन फुकट असते असं सगळे म्हणतात. जानेवारी 2020 पासून लागू झालेला तो आदेश बचत खात्यांसाठी आहे. चालू खात्यावर बँक पैसे घेऊ शकते, दरपत्रक बघा. आणि खात्याला जीएसटी नंबर जोडून घ्या, म्हणजे बँकेच्या शुल्कावरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं.

कॅश क्रेडिट (सीसी), म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसं उचलायचं धंद्याचं कर्ज, घ्यायचा विचार असेल तर जिथून घेणार त्याच बँकेतून उलाढाल फिरवायला आत्तापासून सुरुवात करा. छोट्या उद्योगाला अंदाजे वार्षिक विक्रीच्या 20 टक्क्यांपर्यंत मर्यादा धरण्याची जुनी पद्धत आहे. दीड कोटींच्या विक्रीला तीस लाख. मॅनेजर उतारा बघूनच ती विक्री खरी मानतो. सीसी असेल तर दुसरीकडे चालू खातं चालत नाही, असं शाखेत अजून ऐकायला मिळतं. 2020 च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने तसे निर्बंध आणले होते खरे, पण 2021 च्या ऑक्टोबरात पाच कोटींपेक्षा कमी कर्ज असलेल्यांना सूट दिली. आमच्यासारखे त्यातच बसतात.

कागदपत्रांत फार काही नाही. पॅन, आधार, आणि दुकानाच्या नावाचे दोन पुरावे: शॉप अ‍ॅक्ट, उद्यम नोंदणी, जीएसटी यांपैकी दोन जवळ असतातच. मालकीच्या दुकानाच्या खात्यालाही वारस लावता येतो, तो रकाना कोरा सोडू नका.

सध्या वसुलीची मोठी रक्कम आणि डिस्ट्रिब्युटरचे चेक सरकारी बँकेत, क्यूआर खासगी बँकेत, रोजचा रोख भरणा सहकारी बँकेत, असं बसवलं आहे. चालू खात्यावर व्याज मिळत नाही, म्हणून एप्रिलच्या शिल्लकीतला मोठा भाग सरकारी बँकेतच तीन महिन्यांच्या ठेवीत टाकला, तो पुढच्या छाटणीची खरेदी सुरू व्हायच्या आत सुटेल. खासगी बँकेतलं खातं कमी शिल्लकीच्या प्रकारात बदलून द्या, असा अर्ज दिला आहे. वर्षाच्या आत बंद केलं तर शुल्क आहे, प्रकार बदलायला नाही. जुलैच्या आत ते काम झालं पाहिजे, नाहीतर पुढची तिमाही महागात जाईल.