काळ्या मेहंदीची पुडी: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आधी रंगाबद्दल, कारण रंगात खोट काढायला जागा नाही. पुडी साध्या पाण्यात कालवायची, अर्ध्या तासात डोकं धुवायचं, कानशिलावरचे हट्टी पांढरे केससुद्धा काळेभोर. पार्लरच्या मानाने खर्च काहीच नाही. पाकिटावर मेहंदीची पानं, आवळा, शिकेकाई आणि ठळक अक्षरांत 'हर्बल'.

त्रास मात्र उशिरा सुरू झाला. कलप लावला त्या दिवशी काही नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कपाळाच्या कडेला आणि कानामागे खाज. मधे एवढा वेळ गेल्यावर संशय शाम्पूवर जातो, घामावर जातो, पुडीवर जात नाही. ही ॲलर्जी असतेच अशी. कित्येक महिने काही न होता शरीर कलपातल्या रसायनाची ओळख ठेवतं आणि एकदा बिथरलं की सहसा पुन्हा ते सहन करत नाही. पुढच्या खेपेला पापण्या सुजल्या. टाळूची कातडी जाड, पापणीची पातळ, म्हणून लावलं डोक्याला आणि सुजले डोळे.

गोळ्यांनी खाज गेली आणि मग कानशिलाजवळ मोहरीएवढे पांढरे ठिपके दिसायला लागले. घरात पहिला शब्द निघाला तो 'कोड'. "पोरीचं लग्न बघतोय, पदर पुढे घे जरा," असा सल्लाही आला. औषधाचं नंतर!

स्किनच्या डॉक्टरांनी ॲलर्जी कशाची ते शोधायला पाठीवर पॅच टेस्टच्या पट्ट्या लावल्या, दोन दिवसांनी काढल्या, नंतर पुन्हा एकदा पाहिलं. व्हॅसलिनमध्ये 1 टक्का पीपीडी, म्हणजे पॅरा-फेनिलीनडायअमाईन हे कलपातलं काळा रंग देणारं रसायन, लावलेला चौकोन लाल होऊन फुगला होता. ठिपक्यांना त्यांनी केमिकल ल्युकोडर्मा म्हटलं: रसायनामुळे कातडीतल्या रंगपेशी नष्ट होतात. टिकलीच्या गोंदाने कपाळावर पांढरा डाग पडलेल्या बायका आपण सगळ्यांनी पाहिल्यात. प्रकार तोच, रसायन निराळं. काहींना खाज न येताच थेट डाग पडतो. शिवाय दातदुखीच्या जेलमध्ये वगैरे असणारं बेंझोकेनही पीपीडीच्या ॲलर्जीवाल्यांना भोवू शकतं, म्हणून त्यांनी तेही फाइलवर लिहून दिलं. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

आता 'हर्बल'चं. मेहंदीचं पान रंग देतं तांबूस-नारिंगी आणि त्यालाही तास-दोन तास लागतात. अर्ध्या तासात काळं करणं त्याच्या हातात नाही. ते काम पीपीडीचं, आणि ते पाकिटाच्या मागे, मुंगीच्या अक्षरात छापलेलं होतं. युरोपात केसांना प्रत्यक्ष लागणाऱ्या मिश्रणात पीपीडी 2 टक्क्यांवर चालत नाही. माझ्या पाकिटावर प्रमाण लिहिलेलंच नव्हतं. 'अमोनिया-फ्री' डब्यांनीही हुरळू नका. अमोनिया गेला की उग्र वास जातो, पीपीडी असेल तर ते तिथेच राहतं.

सध्या आधी मेहंदी, ती धुऊन मग नीळ, म्हणजे कपड्यांची नव्हे, निळीच्या झाडाच्या पानांची पूड. खरं सांगायचं तर कटकट आहे. रविवार त्यातच जातो, पहिल्या दिवशी केसांवर हिरवट झाक दिसते, दुसऱ्या दिवशी रंग गडद होतो आणि कानशिलावरचे केस लवकर तांबूस पडतात. पुडीचा काळा तो काळाच, हे मान्य.

ठिपक्यांना टॅक्रोलिमसचं मलम चालू आहे. कलप बंद केल्याशिवाय मलमाचा उपयोग नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावलं. कानशिलावर केसांच्या मुळांभोवती तपकिरी ठिपके परत येताहेत, कानामागचा डाग अजून जसाच्या तसा आहे.

नीळ घेतानाही पाकीट उलटून बघा, तीत पीपीडी मिसळून विकणारे आहेत. घटकांची यादीच नसेल तर परत ठेवा. यादी असली तरी आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून दोन दिवस थांबा. पाच मिनिटांत काही झालं नाही म्हणजे पास, असं या ॲलर्जीत नसतं.