रिजनल फ्लाइट: विमान छान, पायलटचा पत्ता नाही

अमेरिकेत छोट्या गावातून मोठ्या हबला (जिथून पुढची विमानं मिळतात असा मोठा विमानतळ) नेणाऱ्या रिजनल फ्लाइटचा रिव्ह्यू आहे, कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. शेपटीवर नाव मोठ्या एअरलाइनचं पण विमान चालवणारी कंपनी भलतीच, ते दाराजवळ बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ७६ सीटचं जेट, केबिन बॅग दारातच टॅग लावून काढून घेतात. सीट बरी, क्रू एकदम गोड.

घोळ पुढेच. सगळे बसले, दार लागायचं बाकी आणि कॅप्टन सांगतो को-पायलटचे ड्युटीचे तास संपतायत, रिझर्व्हला (ऐनवेळी बोलवायला ठेवलेला पायलट) कोणी नाही, उतरा. लोकांनी गेटवरच्या बाईला झापलं, तिचा काय दोष? मूळ घोळ पायलट टिकत नाहीत हा. २००९ ला बफेलोजवळ कोलगन या रिजनल कंपनीचं विमान पडलं, त्यानंतर २०१३ पासून को-पायलटलाही विमान उडवल्याचे साधारण १५०० तास लागतात, म्हणजे आधी खर्च करून तास भरा, मग रिजनलमध्ये वर्षानुवर्षं पगार तुटपुंजा होता, आणि जरा अनुभव आला की मोठी एअरलाइन उचलून नेते, टिकणार कोण? २०२२ मध्ये काही रिजनलनी नवीन को-पायलटचा रेट बोनस धरून तासाला ९० डॉलरवर नेला, म्हणजे पैसे होते की! पायलटांची युनियन आधीपासून पगाराचं हेच बोंबलत होती, आणि रेल्वे लेबर ॲक्टमुळे (नाव रेल्वेचं, पण एअरलाइनलाही लागू असलेला कामगार कायदा) त्यांना संपही सहज करता येत नाही.

हॉटेल व्हाउचर दिलं, जेवणाचं मागून घ्यावं लागलं. दोन स्टार, तेही क्रूसाठी. पुढे कनेक्शन असेल तर सकाळची पहिलीच फ्लाइट घ्या.