आन्देर ते यूफ: रस्ता संपतो तिथपर्यंत नेणारी पोस्टबस

स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युन्डेन प्रांतातल्या आवेर्स खोऱ्यात, अगदी टोकाला, यूफ हे गाव आहे. उंची 2126 मीटर आणि वस्ती तीसेक माणसांची. गाडी नसेल तर तिथे पोचायला आन्देरहून सुटणारी पिवळी पोस्टबस (स्विस टपालखात्याची प्रवासी बस) हाच पर्याय. हे परीक्षण त्या बससेवेचं आहे, पण गाव बाजूला ठेवून बसबद्दल बोलता येत नाही.

'युरोपातलं सर्वांत उंच बारमाही गाव' अशी यूफची ख्याती. दावा जरा सैल आहे. युरोपची हद्द कॉकेशसपर्यंत धरली तर रशियाच्या दागेस्तानातलं कुरुश सुमारे 2500 मीटरवर आहे, आणि आल्प्समध्येच इटलीतलं त्रेपाल्ले आपला हक्क सोडायला तयार नाही. फोटोखाली काय लिहायचं ते लिहा. बसमधून उतरल्यावर जाणवतं ते वेगळंच: नजर पोचेल तिथवर एकही झाड नाही, आणि डांबरी रस्ता इथे संपलेला आहे. पुढे फक्त पायवाटा.

आधी प्रवास समजून घेऊ. प्रांताची राजधानी कूर, तिथून र्‍हेटियन रेल्वेने थुसिस, साधारण अर्धा तास. थुसिस स्टेशनसमोरूनच आन्देरची बस मिळते आणि आन्देरला यूफची बस धरायची. जोडण्या जुळलेल्या असतील तर कूर ते यूफ दोन तासांच्या आसपास. अडचण होते ती बहुधा इथेच. कूर-थुसिस गाड्या भरपूर असल्यामुळे माणूस निर्धास्तपणे हवी ती गाडी पकडतो आणि आन्देरला येऊन तास-दीड तास ताटकळतो, कारण यूफच्या फेऱ्या दिवसातून मोजक्याच. म्हणून वेळापत्रक उलटं वाचा: आधी यूफहून परतीची शेवटची बस, मग जाण्याची, आणि कूरची गाडी सगळ्यात शेवटी. स्विस रेल्वेच्या अ‍ॅपमध्ये 'कूर'ऐवजी 'आन्देर'पासून शोध घेतला की फेऱ्यांमधली अंतरं लगेच दिसतात.

आन्देर 982 मीटरवर आहे, म्हणजे ही एक बस अकराशे मीटरहून जास्त चढते. रोफ्ला घळीपाशी ती मुख्य वाट सोडून फेर्रेराच्या अरुंद खोऱ्यात शिरते. इथे दोन्ही बाजूंना दाट जंगल, खाली नदी, आणि वळणं अशी की मळमळीचा त्रास असणाऱ्यांनी पुढची सीट धरावी व मोबाइल खिशात ठेवावा. काम्पसुट आणि क्र्योटनंतर खोरं उघडतं. क्रेस्ताच्या अलीकडे शेवटचं जंगल मागे पडतं. पुढे प्युर्ट, आम बाख, युप्पा अशी चारदोन घरांच्या थांब्यांची माळ लागते. या थांब्यांवर उतरायचं असेल तर बटण वेळेत दाबा, कारण दोन थांब्यांमध्ये कधीकधी मिनिटभराचंच अंतर असतं.

चालकांचं काम बघण्यासारखं आहे. आंधळ्या वळणावर वाजणारा तीन सुरांचा भोंगा पर्यटकांना गंमत वाटते, पण त्याचा उपयोग समोरच्याला आधी सावध करणं हा आहे. स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यांसाठी एक सूचना: निळ्या फलकावर पिवळा कर्णा दिसला तर तो डोंगरी पोस्टरस्ता. तिथे बसचा अग्रहक्क असतो आणि मागे घ्या की पुढे या, हे बसचालक सांगेल तसं करावं लागतं.

फेऱ्या कमी का, ही या मार्गाबद्दलची नेहमीची तक्रार. ती चुकीची नाही, पण कारण कळलं की धार बोथट होते. स्वित्झर्लंडमध्ये अशा मार्गांचा तोटा केंद्र आणि प्रांत मिळून भरून देतात, आणि केंद्राचा हात लागण्यासाठी मार्गावरची वस्ती बारमाही किमान शंभर माणसांची असावी लागते. एकट्या यूफचं ते काम नाही. मात्र डोंगरात एकाच वाटेने पोचता येणारं अख्खं खोरं एक वस्ती म्हणून मोजता येतं. म्हणजे हे वेळापत्रक मुळात राहणाऱ्यांसाठी आहे आणि आपण त्यात पाहुणे. ऊन पडलेल्या रविवारी बस पाहुण्यांनी खच्चून भरते, ही खरी उणीव. दहा किंवा जास्त जणांचा गट असेल तर आधी कळवाच.

तिकीट चालकाकडे मिळतं, अ‍ॅपवरही निघतं. स्विस ट्रॅव्हल पास इथे पूर्ण चालतो, वेगळा अधिभार नाही.

वर पोचल्यावर काय? गाव पाहायला वीस मिनिटं पुरतात, म्हणून पुढच्या बसपर्यंतचा वेळ आधीच ठरवा. सर्वांत सोपं म्हणजे रस्त्याच्या कडेकडेने क्रेस्तापर्यंत उतरत जाणं, दीड-दोन तास. वाटेत 1664 सालचं पोदेस्ता घर, म्हणजे अंमलदाराचं घर, लागतं. इतक्या उंचावर एवढा दिमाखदार वाडा कशाला, तर आता इटलीत असलेलं वाल्तेलिना खोरं 1797 पर्यंत ग्राउब्युन्डेनच्या ताब्यात होतं आणि तिथे अंमलदार म्हणून गेलेली माणसं पैसा घेऊन परतत. बाकी घरं बघताना एक लक्षात ठेवा. जर्मन बोलणारे वाल्झर लोक इथे तेराव्या शतकात आले (यूफचा लेखी उल्लेख 1292 चा), आणि जळणाला लाकूड नव्हतं. गोठ्यात मेंढ्यांच्या पायांखाली तुडवून घट्ट झालेला लेंड्यांचा थर ते विटांसारखा कापत, उन्हात वाळवत आणि चुलीत घालत.

पायात बळ असेल तर परतीची बस सोडूनच द्या. स्टालरबेर्ग खिंड 2581 मीटरवर आहे. यूफहून साडेचारशे मीटर चढ, मग बिविओपर्यंत आठशे मीटर उतार, एकूण साडेतीन ते चार तास. बिविओहून ट्येफेनकास्टेलकडे जाणारी पोस्टबस मिळते. पायवाटेच्या पिवळ्या पाट्यांवर दिलेल्या वेळांत विश्रांती धरलेली नसते, तेव्हा तासाला दहा-पंधरा मिनिटं आपली घाला. उताराला गुडघे बोलतात, काठ्या न्या. जूनमध्येही खिंडीत बर्फ साचलेला असू शकतो.

खाण्याचं सामान थुसिसमध्येच घ्या. रविवारी तिथली दुकानं बंद असतात, मग कूर स्टेशनातून. मुक्कामाच्या खोल्या कमी, त्यामुळे आरक्षणाशिवाय शेवटच्या बसने वर जाणं हा वेडेपणा.

हिवाळ्यात बस चालते, पण हिमलोटाच्या धोक्यामुळे रस्ता बंद होऊ शकतो आणि मग वर गेलेले वरच राहतात. दुसऱ्या दिवशीचं विमान असेल तर आदल्या रात्री यूफला राहू नका.

वेळ पाळणं आणि चालकांचं कसब यांना पैकीच्या पैकी, फेऱ्यांसाठी एक तारा कमी: पाचापैकी चार. आणि जुन्या छापील वेळापत्रकावर विसंबू नका, नवं दरवर्षी डिसेंबरच्या मध्यावर लागू होतं.