‘पेंट हार्ड आहे सर’ म्हणत ३०,५०० घेतले आणि गाडी सोलून गेला

घरी येऊन गाडी घासून चकाकवणाऱ्याला दिलेले आकडे आधी सांगतो, कारण घरात सध्या तेवढेच ऐकून राहिलो. ॲडव्हान्स ८,०००. काम अर्ध्यात असताना ‘हार्ड पेंट चार्ज’ ४,५००. ठरलेल्या १८,५०० पैकी उरलेले १०,५००. वर ‘नाइन एच सिरॅमिक’ म्हणजे रंगावरच्या संरक्षक कोटिंगचे ७,५००. एकूण ३०,५०० रुपये, सगळे यूपीआयने, बिल शून्य. आता चार पॅनेल पुन्हा रंगवायचे २६,००० लागतील म्हणतात, ते वेगळेच.

गाडी लाल पोलो. पावसाळ्यात कडुलिंबाची फांदी पडून बोनेट चेपलं, बाहेरून रंगवून घेतलं, तर त्यावर ही ऑरेंज पील, म्हणजे संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत रंग. दारासमोरच्या विजेच्या तारेचं प्रतिबिंब बोनेटवर सरळ दिसायला पाहिजे, ते तुटक आणि थरथरतं दिसायचं. मी स्वतःच घासणार होतो. पाणी लावून घासायचे २००० आणि ३००० चे पेपर (आकडा जितका मोठा, तितका पेपर बारीक), रबरी ब्लॉक आणूनही ठेवला होता. पण या गाड्यांचा क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, कडक. पेपरचे ओरखडे हाताने निघत नाहीत. मशीन, लोकरीचा पॅड, कटिंग कंपाउंड (ओरखडे काढायची पेस्ट) लागतं. भाड्याने मशीन आणून हात बसवण्यापेक्षा माहितगार माणूस बरा, असा हिशोब केला. यात चुकीचं काय होतं, मला अजूनही कोणी सांगितलेलं नाही.

जाहिरात नेहमीसारखीच: घरपोच डिटेलिंग, आधीचे-नंतरचे फोटो, खाली ढीगभर स्टार. मनीषनगरला आमच्या दारात आला तो रंगाची जाडी मोजायचा मीटर घेऊन. बोनेटवर टेकवला, २४० मायक्रॉन दाखवले. “भरपूर माल आहे सर, बिनधास्त घासू. पण बोनेट एकटंच चकाकलं तर बाकी गाडी जुनी दिसंन. पूर्ण गाडीच करून टाका.” मीटर खराच होता आणि आकडाही खरा. बोनेट दुसऱ्यांदा रंगवलेलं, तिथे थर जाड असणारच! दरवाजांना मीटर लावलाच नाही. कंपनीचा रंग सगळे थर धरून साधारण १०० ते १४०, त्यात क्लिअर जेमतेम ४०-५०. मीटर आणणारा माणूस प्रत्येक पॅनेलला लावत नसेल, तर तो मीटर त्याच्यासाठी आहे, तुमच्यासाठी नाही.

आता ते पाणी. उजव्या दरवाजाची मधली उठावदार रेघ घासत असताना बादलीतलं पाणी गुलाबी झालं, मग चक्क लाल. मी विचारलं, “काहून लाल होऊन राहिलं बापा?” तो म्हणे, “ऑक्सिडेशन निघून राहिलं सर, हार्ड पेंटमध्ये निघतेच.” आणि मी मान डोलावली. आमच्या वडिलांच्या जुन्या मारुती ८०० ला पॉलिश करताना फडकं लालच व्हायचं, तेच डोक्यात. पण तिच्यावर क्लिअर नव्हता, वरचा थरच रंगाचा होता. क्लिअर घासला की पाणी दुधाळ, पांढरं निघतं. गाडीचा रंग पाण्यात आला म्हणजे क्लिअर संपला, विषय खल्लास. तिथेच हात धरायला पाहिजे होता. रोज रात्री ती बादली डोळ्यांसमोर येते.

कडा आणि रेघांवर थर सगळ्यात पातळ असतो, तिथे आधी टेप लावतात. याने एक इंच टेप लावली नाही. ब्लॉकही नाही, पेपर सरळ बोटांखाली. वर तोंडात ३०००-३००० चा जप. नंतर तुळशीच्या कुंडीमागे पेपरचा ओला तुकडा सापडला. उलटा केला तर पाठीवर छापलेलं: ८००.

दुपारच्या जेवणाआधी पूर्ण गाडी उरकली. कडक क्लिअरवर एकेका पॅनेलला कंपाउंडिंगलाच तासभर सहज जातो, पूर्ण गाडी अर्ध्या दिवसात होतच नाही. पण शेडखाली ती अशी चमकत होती की शेजारच्या काकूंनीही “नवीन घेतली का?” विचारलं. तो सगळा ग्लेझ. ओरखड्यांत तेलकट माल भरला की काही दिवस गाडी आरसा दिसते, धुण्यागणिक उतरते. पैसे द्यायच्या आधी गाडी उन्हात काढा, एका पॅनेलवर आयपीए (तेलकटपणा काढणारं अल्कोहोल) मारून पुसून दाखवायला सांगा. भरलेला माल तिथेच निघतो. आणि ग्लेझवर सिरॅमिक धरतच नाही. “उद्या धुतली तरी चालते” म्हणाला होता, खरं कोटिंग असतं तर काही दिवस पाणीच लावू नका म्हणाला असता.

ग्लेझ उतरल्यावर खाली बोटांच्या आकाराचे पट्टे, दरवाजाच्या रेघेवर क्लिअर गायब, आणि बोनेटवर ऑरेंज पील बहुतेक तशीच! फोन लावला तर आधी “येतो सर”, मग ब्लॉक.

पोलिसांकडे गेलो. साहेब म्हणाले, “गाडी तुमच्याच दारात, तुमच्याच डोळ्यांसमोर घासली, मग फसवणूक कशी? दिवाणी मामला आहे.” मी कुंडीमागचा तुकडा दाखवला. त्यांनी तो बोटांनी चाचपला आणि “हा तर पॉलिश पेपर आहे” म्हणून परत दिला. फसवणुकीचं ३१८ कलम लागत नाही म्हणे. ३००० सांगून ८०० वापरणं फसवणूक नाही, तर मग काय आहे? अर्ज तरी घ्या म्हटलं, तर सायबरवाल्यांकडे जा. सायबरवाले म्हणाले, पिन तुम्हीच टाकला, हे सायबर नाही. बँकेनेही तेच सांगितलं, फक्त इंग्रजीत. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही आणि मुदत दोन वर्षं, हे छान आहे, पण समोरच्याचा पत्ता कुठून आणू? तो शोधायचं काम पोलिसांचं, आणि पोलिसांच्या मते मामला दिवाणी. मी टॅक्स भरतो, दर वर्षी पीयूसी काढतो, आणि माझ्या अर्जावर साधा शिक्का मिळत नाही! म्हणून सांगतो, काम सुरू करायच्या आधी आधार आणि दुकानाचा पत्ता घ्या. दुकान नसेल तर गाडीला हात लावू देऊ नका. ॲडव्हान्स मालापुरताच द्या. आणि ‘हार्ड पेंट’चे वेगळे पैसे मागितले, तर पाणी तिथेच बंद करा.

तो आता दुसऱ्या नंबरवरून जाहिरात करतोय. ‘नंतर’च्या फोटोतलं लाल बोनेट माझं आहे. नीट मोठा करून पाहा, त्यात हिरवं जाळीचं गेट आणि मागे काळी पाण्याची टाकी दिसते. तो फोटो आला की समजा, तोच आहे.