आषाढात कुठली गिटार हातात धराल: दोन लाखांची की पंचवीस हजारांची?

बँडमध्ये काही वर्षं वाजवून हात बसला आणि गाठीला चार पैसे जमले की हा प्रश्न येतोच. एका बाजूला अमेरिकेत बनलेली फेंडर किंवा गिब्सनची इलेक्ट्रिक गिटार, दीड-दोन लाखांच्या घरातली. दुसऱ्या बाजूला स्क्वायर (फेंडरचाच स्वस्त ब्रँड), एपिफोन (गिब्सनचा), यामाहा पॅसिफिका, आयबानेझची खालची मॉडेलं, साधारण वीस ते चाळीस हजारांतली. कुठल्या मॉडेलला किती पिकअप (तारांचा आवाज पकडणारे चुंबकी भाग) आणि किती फ्रेट (बोटांखालच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), हे तुम्हाला पाठ असणार, त्यात शिरत नाही. माझ्याकडे दोन्ही प्रकार होते आणि शेवटी मी एक विकली. गोव्यात, फोंड्यात राहून, पेडण्यापासून काणकोणपर्यंत वाजवत फिरणाऱ्या माणसाचं हे मत आहे. मुंबईत एसी स्टुडिओत बसणाऱ्याला ते लागू पडेलच असं नाही.

महागडीचं श्रेय आधी देऊन टाकतो. बोटांना फरक पहिल्या मिनिटात कळतो. फ्रेटबोर्डच्या, म्हणजे फ्रेट बसवलेल्या फळीच्या, कडा घासून गोलसर केलेल्या असतात, फ्रेटची टोकं तळहाताला कुठे टोचत नाहीत, ट्यूनिंगच्या खुंट्या फिरवताना मध्येच सैल लागत नाहीत. आवाजातला फरक ऐकायचा तर गिटारवरचा व्हॉल्यूम थोडा खाली आणून बघा. महागडीचा आवाज उतरतानाही त्यातली चमक राहते, स्वस्त गिटारचा आवाज उतरता उतरता गोधडीखाली गेल्यासारखा होतो. निदान माझ्या दोन्हींत तरी तसं होतं. पुन्हा विकायला काढली तर महागडीला गिऱ्हाईक लवकर मिळतं, हेही खरं. पण ड्रम, कीबोर्ड आणि दोन गायक चालू असताना, मांडवाच्या भोंग्यांतून यातलं समोरच्या माणसापर्यंत किती पोचतं, याबद्दल मला शंका आहे.

नावाच्या वजनाचं म्हणाल तर ते काळानुसार चढत-उतरत राहतं. लिओ फेंडर हा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. 1950 साली त्याने सपाट फळीला चार स्क्रूंनी नेक, म्हणजे गिटारची मान, जोडून गिटार बाजारात आणली, तेव्हा तिची टिंगल झाली होती. जपानी नकलांना तोंड द्यायला फेंडरने 1982 मध्ये जपानमध्येच स्क्वायर गिटारी बनवायला सुरुवात केली. त्या पहिल्या खेपेतल्या ‘स्वस्त’ गिटारींसाठी आज संग्राहक चांगली किंमत मोजतात. डॅनइलेक्ट्रो या स्वस्त अमेरिकन गिटारचं अंग तर मॅसोनाइटचं, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या दाबलेल्या पत्र्याचं. ती लेड झेपेलिनच्या जिमी पेजने मंचावर वाजवली.

आता माझ्यापुरता निकाल ज्याने लावला ते सांगतो. नेकचा चिकटपणा.

महागड्या गिटारींपैकी बऱ्याच गिटारींना नायट्रोसेल्युलोज लॅकरचा हात दिलेला असतो. गिब्सन आजही तेच वापरते, फेंडरच्या जुन्या धर्तीच्या मॉडेलांना ते असतं, काही लहान कारखानेही त्याचा अभिमान बाळगतात. पन्नाशीच्या दशकात मोटारींना जो रंग लागायचा त्याच जातीचा हा प्रकार. थर पातळ, जुना होताना सुंदर पिवळसर होतो, बारीक तडे जातात, आणि लोकांना त्याचंच वेड आहे. मलाही होतं. पण हे लॅकर वाळलं तरी पूर्ण पक्कं होत नाही. घाम, तेल आणि उष्णतेने वरचा थर मऊ पडतो. रबराच्या स्टँडवर ठेवून विसरलात तर जिथे रबर टेकलं तिथे डाग उठतो, कारण रबरातली रसायनं लॅकरमध्ये उतरतात.

गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. कपाटातल्या चपलांना बुरशी येते, मीठ डब्यातच पाझरतं. अशा हवेत लॅकरच्या नेकवर हात ठेवला की अंगठा मागे चिकटतो. पाचव्या फ्रेटवरून बाराव्यावर जायचं तर हात सरकत नाही, उचलून नेऊन ठेवावा लागतो. सोलो अडखळत नाही, पण दरवेळी मनात एक बारीकशी अडचण येते: अंगठा सुटेल का? मी सुती कापडाने पुसलं, टाल्कम पावडर लावली, पंखा नेकवर रोखून सराव केला. सराव संपता संपता तो पुन्हा तसाच. जानेवारीत सगळं सुरळीत चालतं असंही नाही, कारण जत्रेत उघड्या मंचावर मध्यरात्रीनंतर दव पडतं.

नेक बारीक सँडपेपरने घासला की चकाकी जाते आणि तो रेशमासारखा सरकतो, हा साधा आणि सर्वांना माहीत असलेला उपाय आहे. दोन लाखांच्या गिटारवर मात्र तो करवत नाही. पुढचं गिऱ्हाईक आधी ‘मूळ फिनिश आहे ना?’ असंच विचारतं. म्हणजे गिटार माझी, पण तिच्या पाठीला हात लावायची मुभा अजून न भेटलेल्या माणसाची.

स्वस्त गिटारींवर बहुधा पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टरचा जाड थर असतो. जाणकार त्याला ‘प्लास्टिक’ म्हणून नाक मुरडतात. तो एकदा पक्का झाला की घामाने विरघळत नाही, रबराला दाद देत नाही. गुळगुळीत चकाकीचा असेल तर तोही थोडा चिकटतो, नाही असं नाही. पण मी हजार नंबरचा सँडपेपर घेऊन ओट्यावर बसलो आणि चहा संपायच्या आत नेक घासून मोकळा झालो. (अमेरिकन फेंडरपैकी बऱ्याच आधुनिक मॉडेलांना हाच पॉली थर असतो. महागडीच घ्यायची ठरली असेल तर निदान त्यातली घ्या.)

एकदा ही मुभा मिळाली की पुढचं आपोआप होतं. स्वस्त गिटारचे दोष बहुतेक सोल्डरिंगच्या गनने सुटणारे असतात. जॅक (वायर खुपसायची जागा) ढिला पडतो, छोटे पॉट (व्हॉल्यूमच्या बटणाखालचे भाग) खरखरतात, आतल्या भागाला तांब्याची पट्टी लावलेली नसल्याने सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याच्या पिकअपची गुणगुण मंचावरच्या जनरेटरवर आणखी वाढते. तांब्याची चिकटपट्टी लावा, पॉट मोठे बसवा (सिंगल कॉइलला 250 किलोओहम, दोन वेटोळ्यांच्या हंबकर पिकअपला 500), पुढे मन झालं तर पिकअप बदला. अर्थिंग नसलेल्या मांडवात मात्र दोन्ही गिटारी सारख्याच गुरगुरतात. नट (डोक्याजवळची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी) आणि फ्रेट नीट करून घेण्यावर दोन-तीन हजार गेले तरी ते वाया जात नाहीत.

मोडतोडीचंही बोलायला हवं. गिब्सनच्या लेस पॉल मॉडेलचं डोकं 17 अंशांत मागे कललेलं असतं आणि नेक महॉगनीचा, त्यामुळे आडवी पडली तर नटच्या मागे तुटण्याची भीती. यात किमतीचा संबंध नाही, एपिफोनचीही तीच गत. फेंडरसारख्या सरळ डोक्याच्या गिटारला तो धोका बराच कमी. मला काळजी वेगळीच वाटायची: मध्यंतरात जेवायला गेलो की मंचाच्या मागे कोण आहे, याची. स्वस्त गिटार बॅगेत घालून स्कूटरवर पाठीला मारतो आणि पंगतीत शेवटच्या खिरीपर्यंत बसतो.

लाकडाबद्दल एक गंमत. स्क्वायरच्या बऱ्याच मॉडेलांचा फ्रेटबोर्ड आता ‘इंडियन लॉरेल’चा असतो. तो म्हणजे आपला ऐन, गोव्याचा राज्यवृक्ष माट्टी. रोझवूड नाही म्हणून हळहळणाऱ्यांनी एकदा सत्तरीच्या रानात जाऊन यावं.

तर घरात एसी खोली असेल, रेकॉर्डिंग हेच मुख्य काम असेल आणि जुन्या फिनिशचं प्रेम असेल, तर महागडी घ्या, मी अडवणार नाही. बाकीच्यांनी, माझं ऐकायचं असेल तर, तीस हजारांत गिटार बसवावी आणि उरलेल्यातून चांगला अँप (अँप्लिफायर) घ्यावा, आवाज खरा तिथे बदलतो. आणि खरेदीला शक्यतो जुलैतच जा. दुकानात एसी चालू असतो, तिथे सगळेच नेक कोरडे लागतात. दुकानदाराला विचारून गिटार बाहेर व्हरांड्यात आणा, दोन गाणी सलग वाजवा, घाम येऊ द्या आणि मग अंगठा मागे सरकवून बघा.