पदवीवाला वैद्य की वस्तरेवाला न्हावी?

१४व्या शतकातल्या पॅरिसमध्ये आजारी पडलात, तर जायचं कोणाकडे?

विद्यापीठातला वैद्य लॅटिन बोलणारा, गेलन आणि इब्न सिना या जुन्या ग्रीक आणि पर्शियन वैद्यांचे ग्रंथ कोळून प्यायलेला. काचेच्या कुपीतली लघवी उजेडासमोर धरून तो रंग न्याहाळायचा, नाडी बघायचा, ग्रह तपासायचा आणि शरीरातल्या चार द्रवांपैकी कोणता बिघडलाय ते सांगायचा. कापाकापी त्याला कमीपणाची वाटे. १३४८ साली प्लेग आला तेव्हा राजाने कारण विचारलं, तर पॅरिसच्या वैद्यक शाखेचं उत्तर होतं: १३४५ मध्ये कुंभ राशीत शनी, गुरू आणि मंगळ एकत्र आले, म्हणून हवा बिघडली. (पत्रिका घेऊन फिरणाऱ्या आपण फार हसू नये.)

न्हाव्याकडे पुस्तकी विद्या नाही, पण हात सरावलेला. दाढी, दात, गळू, रक्त काढणं, सगळं एकाच दुकानात, आणि तेही परवडेल अशा पैशांत. लंडनमध्ये तर १३०७ साली न्हाव्यांना ताकीद द्यावी लागली की खिडकीत रक्त मांडू नका, गुपचूप थेम्समध्ये नेऊन ओता!

प्लेगपुढे दोघेही हतबलच. पण दाढ ठणकत असती, तर मी डोळे मिटून न्हाव्याकडे गेलो असतो.

तिसरी वाट, म्हणजे परवाना नसलेल्या वैद्याची, मात्र अवघड होती. पॅरिसच्याच जाकोबा फेलिसीने बरे केलेले रुग्ण १३२२ साली तिच्या बाजूने साक्षीला उभे राहिले, तरी परवान्याशिवाय उपचार केले म्हणून तिच्यावर बंदी आलीच.