शाळेची निवडणूक: मतपत्रिका घ्यावी की मोबाइलवरचं मतदानयंत्र?

जुलैत मॉनिटर आणि हेड बॉय, हेड गर्ल निवडायची वेळ आली की इंदूरच्या शाळांत नागरिकशास्त्र शिकवणाऱ्यांपुढे हा प्रश्न हमखास येतो. हात वर करून निवड करायची नाही, मत गुप्तच हवं, हे गृहीत धरतो. दोन्ही पद्धती आम्ही वापरल्या आहेत, तेव्हा खालचे आकडे आमच्या अनुभवातले समजावेत. शाळा मोठी असेल तर ते बदलतील.

मोबाइलचं ॲप सोयीचं आहे यात वाद नाही. नावं, फोटो आणि चिन्हं भरायला दहा मिनिटं लागतात. 240 मतदार, दोन केंद्रं आणि प्रत्येकी अर्धा मिनिट धरला तर तासाभरात मतदान उरकतं आणि निकाल लगेच हातात येतो. बटण दाबल्यावरचा तो लांब ‘बीप’ सहावीतल्या मुलांना फार आवडतो. तिमाही परीक्षा तोंडावर असताना वाचलेले दोन तास ही लहान गोष्ट नाही.

मतपत्रिकेला तयारी लागते. एका ए-फोर कागदातून चार निघतात, म्हणजे 63 कागदांत 252 होतात. कागद 80 जीएसएमच्या (जाडी सांगणारा, पाकिटावर छापलेला आकडा) खाली नको, शिक्का मागून दिसला की गुप्तता संपली. अनुक्रमांक फक्त स्थळप्रतीवर (मतपत्रिका फाडून दिल्यावर आपल्याकडे उरणाऱ्या तुकड्यावर) घालावा. साठ मुलांच्या वर्गात मतपत्रिकेवरही क्रमांक असला तर कुणाचं मत कुठे गेलं हे शोधणं सोपं होतं. प्रत्येक उमेदवाराची ओळ दोन सेंटिमीटर उंच ठेवावी आणि दोन ओळींमध्ये जाड काळी पट्टी असावी. मतदानकक्षासाठी लागणारा पुठ्ठा खजुरी बाजारात मिळतो.

घडी मात्र आधी उभी आणि मग आडवी घालायला शिकवा. उभ्या घडीत ओळीचा उजवा भाग त्याच ओळीच्या डाव्या भागावर येतो, त्यामुळे ओली शाई उमटली तरी त्याच उमेदवाराच्या घरात उमटते. उलट केलं तर शाई दुसऱ्याच्या नावापुढे लागते आणि मत बाद करायचं की नाही यावर भांडण होतं. पॅडला शाईही बेताचीच लावावी.

आमचं मत पालटलं ते बेरजेमुळे. मोबाइलच्या मतदानात नोंदवहीत 118 सह्या आणि फोनवर 119 मतं, असा एकाचा फरक पुन्हा पुन्हा पडतो. कारण साधं आहे. खऱ्या यंत्रात केंद्राध्यक्षाने (मध्य प्रदेशच्या हिंदी पुस्तकांतले ‘पीठासीन अधिकारी’) आपल्या ताब्यातल्या कंट्रोल युनिटवरचं ‘बॅलट’ बटण दाबल्याशिवाय मत पडत नाही, आणि एक मत पडलं की यंत्र पुन्हा बंद होतं. आम्ही वापरलेल्या ॲपमध्ये हा टप्पाच नव्हता. काही सेकंदांनी पडदा आपोआप परत येतो आणि तिथेच रेंगाळलेलं मूल दुसऱ्यांदा दाबतं. ते जास्तीचं मत कुठलं, हे मग काही केल्या सापडत नाही. एका मताने हरलेली मुलगी समोर उभी असते आणि तिला दाखवायला शिक्षकाकडे काहीच नसतं. हार पचवायला शिकवायचं, तर आधी मोजणीवर तिचा विश्वास बसायला हवा.

कागदावरही चुका होतात, पण त्या सापडतात. छापल्या 252, शिल्लक 19, खराब 2, तर पेटीत 231 हव्यात आणि सह्याही 231 हव्यात. जमलं नाही तर बहुधा दोन मतपत्रिका एकमेकींना चिकटलेल्या असतात, कुणीतरी खिशात घालून नेलेली असते किंवा एक सही राहिलेली असते. दहा मिनिटांत उलगडा होतो आणि तो मुलंच करतात. खऱ्या केंद्रावर नमुना 17-सी मध्ये मतांचा असाच हिशेब लिहिला जातो, हे त्याच वेळी सांगितलं की पुन्हा शिकवावं लागत नाही. मग उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर 25-25 चे गठ्ठे करा.

एक सांभाळावं: दोष ॲपचा आहे, खऱ्या ईव्हीएमचा नाही, हे वर्गात स्पष्ट बोलायला हवं. मतदानाआधी प्रतिनिधींसमोर किमान 50 मतांचं अभिरूप (चाचणी) मतदान होतं, कुणाला मत दिलं हे दाखवणारी व्हीव्हीपॅट यंत्राची छापील चिठ्ठी 7 सेकंद दिसते आणि प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या 5 केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून ताळा घेतला जातो. हे न सांगता मुलं घरी गेली तर नको तो संशय सोबत नेतात.

बाद मतंही कागदावरच दिसतात. दोन ठिकाणी शिक्का, कोरी मतपत्रिका, स्वतःचं नाव लिहिलेली मतपत्रिका अशी प्रत्येक फळ्याजवळ धरून ती बाद का, हे मुलांनाच विचारावं. शेवटी ‘नोटा’ची (वरीलपैकी कोणीही नाही) ओळ जरूर छापा. 2024 च्या लोकसभेत इंदूरमध्ये नोटाला 2,18,674 मतं पडली, त्यामुळे इथली मुलं त्याबद्दल विचारतातच. कोरी मतपत्रिका बाद होते, नोटा मोजला जातो, पण लोकसभेच्या निकालात तो कुणाला हरवत नाही. हा फरक ॲपवर दाखवता येत नाही, कारण तिथे कोरं मत देताच येत नाही.

सहाशेच्या वर मतदार असतील किंवा हातात एकच तास असेल, तर मोबाइल घेण्यात कमीपणा नाही. अकरावी-बारावीला तर यंत्राचीच ओळख हवी, कारण 17 वर्षं पूर्ण झाल्यावर मतदारयादीसाठी आगाऊ अर्ज करता येतो. मात्र फोन मतदाराच्या हाती नको. एका विद्यार्थ्याला ‘बॅलट बटण’ नेमावं: प्रत्येक मतानंतर त्याने पडदा बंद करायचा आणि पुढची सही झाल्यावरच उघडायचा. दर 20 मतदारांनंतर एकूण मतं नोंदवहीशी ताडून पाहावीत. फरक पडलाच तर तो शेवटच्या विसात आहे एवढं तरी कळतं, आणि तेवढ्या वीस जणांचं मतदान पुन्हा घेता यावं म्हणून प्रत्येक विसाची मोजणी वेगळी ठेवावी.